जमीन विकावी का, हे विचारण्याआधी

गोव्यात सध्या चहाच्या टेबलावर, लग्नाच्या मांडवात, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत एक वाद हमखास निघतो. गोंयकारांनी आपल्या जमिनी विकल्या, आता रडून काय उपयोग? एक बाजू म्हणते, पैशाच्या मोहापायी लोकांनी बापजाद्यांचं भाट, म्हणजे माडांची बागायत, परक्याच्या घशात घातलं. दुसरी म्हणते, ज्याची जमीन त्याचा हक्क. ज्यांची घरं शाबूत आहेत आणि मुलं परदेशात कमावतात, त्यांनी दुसऱ्याला शहाणपण शिकवू नये. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही एकाच जागी अडकून पडले आहेत. विकलं ते बरोबर की चूक, एवढाच त्यांचा प्रश्न. विकायचं हे ठरलं कसं? कोणी ठरवलं, किती दिवसांत, काय काय ताडून पाहून? हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं की खरा प्रश्न तोच आहे. लोभ खरा आहे, गरजही खरी आहे. पण आपल्याकडचे जमिनीचे जे निर्णय पुढे जन्मभर सलत राहिले, त्यांतले पुष्कळ निर्णय चुकीच्या रीतीने घेतले म्हणून चुकले. प्रश्न एका जातीचा आणि तो सोडवायची रीत भलत्याच जातीची, असं झालं की हुशार माणूसही फसतो. शिवाय निर्णय कोणत्या रीतीने घ्यायचा हे आपण ठरवलं नाही, तर ते ठरवायची जागा रिकामी राहत नाही. समोरचा माणूस ती भरतो. आणि ज्याने रीत ठरवली त्याने निम्मा निर्णय तिथेच घेतलेला असतो.

आधी माणसांच्या बाजूने बोलतो, कारण ‘आपले लोक विचारच करत नाहीत’ हा आरोप मला मान्य नाही. फोंड्याच्या बाजारात सकाळी बांगडे घ्यायला आलेली बाई बघा. ती सगळ्या पाट्या धुंडाळत बसत नाही. दोन-तीन ठिकाणी नजर टाकते, एका बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून आतून लाल आहे ना ते बघते, डोळा चमकतोय की आत गेलाय ते बघते, भाव विचारते, आणि मनातल्या मापाला उतरले की घेऊन मोकळी होते. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला याहून ताजे बांगडे असतीलही. ते शोधण्यात जाणारा वेळ त्या ताजेपणाहून महाग आहे, हे तिला पक्कं ठाऊक असतं. हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने १९५०च्या दशकात नेमकं हेच मांडलं : माणसाजवळचा वेळ, माहिती आणि हिशेब करायची ताकद मर्यादित असते, म्हणून तो सर्वोत्तमाच्या मागे लागत नाही, एक किमान पातळी ठरवतो आणि ती गाठणारा पहिला पर्याय घेतो. सायमनना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या आयाबहिणी हे शास्त्र रोज सकाळी पाळत आल्या आहेत आणि त्यांचं क्वचितच चुकतं.

क्वचितच का चुकतं? बांगडा फसवा निघाला तर दुपारच्या जेवणातच कळतं. उद्या पुन्हा बाजार आहे, पुन्हा निवड आहे, नुकसान एका जेवणाचं. अशा प्रश्नांत माणूस चुकत चुकत तरबेज होतो. जमिनीचं तसं नाही. बहुतेक कुटुंबांत ती आयुष्यात एकदाच विकली जाते. विक्री शहाणपणाची होती की नाही हे दहा-पंधरा वर्षांनी कळतं, आणि कळूनही परत घेता येत नाही. तरीही आपल्या गावांतली किती भाटं बांगड्याच्या रीतीने गेली? घरात एक आकडा आधीच ठरलेला असतो. मुलीचं लग्न, मुलाची फी, मोडकळीला आलेलं छप्पर, काहीतरी. तो आकडा देणारा पहिला माणूस दारात आला की साठेखत होतं. शेजारच्या सर्व्हे नंबराला काय भाव आला, विकण्याऐवजी भाड्याने देता आलं असतं का, अर्धाच तुकडा विकून भागलं असतं का, हे प्रश्न टोकन घेतल्यावर आठवतात. रोजच्या व्यवहाराने शिकवलेली रीत, जिच्यावर विश्वास ठेवायला माणसाला चांगली कारणं आहेत, तीच आयुष्यात एकदा येणाऱ्या प्रश्नाला लावली जाते. यात मला मूर्खपणा दिसत नाही. सवय दिसते, आणि सवय बदलता येते.

आता घाईबद्दल. दलालाचं एक वाक्य गोव्यातल्या प्रत्येक जमीनमालकाने ऐकलेलं आहे : ‘पार्टी उद्या निघतेय, आजच काय ते सांगा.’ हे वाक्य किंमत वाढवायला किंवा पाडायला असतं असं आपण समजतो. त्याचं खरं काम वेगळं आहे. जॉन पेन, जेम्स बेटमन आणि एरिक जॉन्सन या तीन अमेरिकन संशोधकांनी माणसं निर्णयाची रीत कशी निवडतात यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलं ते असं. वेळ थोडा कमी केला तर माणसं तोच विचार भरभर करतात. आणखी कमी केला तर काही माहिती गाळून टाकतात. अगदीच कमी केला तर रीतच बदलतात. सगळ्या बाजू तोलणं सोडून सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या एकाच गोष्टीवर बोट ठेवतात. जमिनीच्या व्यवहारात ती एक गोष्ट कोणती असणार? चौरस मीटरचा दर. तीच आकड्यात असते, तीच डोळ्यांसमोर नाचते. म्हणजे ‘उद्या’ म्हणणाऱ्या माणसाने तुम्हाला नुसती घाई केलेली नसते; तुम्ही कोणत्या रीतीने विचार करायचा हे त्याने ठरवून टाकलेलं असतं. याच संशोधकांनी संगणकावर ताडून पाहिलेली दुसरी बाजूही सांगायला हवी. एक निकष बाकी सगळ्यांहून खरोखरच फार मोठा असेल, तर फक्त त्याच्यावर ठरवणारी साधी रीत संपूर्ण हिशेबाच्या जवळपास पोचते आणि कष्ट कितीतरी वाचतात. साध्या रीती मुळातच वाईट असतात हे खरं नाही. पण निकष तुल्यबळ असतील, एकात मिळवताना दुसऱ्यात गमवावं लागत असेल, तिथे त्या तोंडघशी पाडतात. आणि भाट, विहीर, वाट, भावाभावांतला सलोखा, म्हातारपणचा आधार यांत एकच निकष बाकी सगळ्यांवर भारी आहे असं कोण म्हणेल?

यावर सुशिक्षित मंडळींचं उत्तर तयार असतं : मग नीट हिशेब करा, फायदे-तोटे लिहून काढा. हा सल्ला जुना आणि आदरणीय आहे. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली, म्हणजे ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते, एका उमरावाकडची नोकरी घ्यावी की नाही या पेचात होते. त्यांनी बेंजामिन फ्रँकलिनचा सल्ला मागितला. फ्रँकलिनने लिहिलं की काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदाच्या मधोमध रेघ ओढा, एका बाजूला अनुकूल कारणं, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस आठवतील तशी भर घाला. मग समान वजनाची कारणं दोन्हीकडून खोडत जा. या पत्रात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते तीन-चार दिवस. रेघ ओढण्यापेक्षा थांबण्याने माणूस जास्त वाचतो. आपल्या घरात कारणांची यादी होते तीही दलाल ओसरीवर बसलेला असताना.

यादीच्या रीतीचे गुण मान्य करूनही तिची एक खोट सांगितली पाहिजे. जे मोजता येतं ते यादीत आधी चढतं आणि ठळक अक्षरांत चढतं. दर, क्षेत्रफळ, स्टॅम्प ड्युटी, बँकेतलं व्याज. डोंगराच्या उतरणीवरचं भाट गेलं आणि वर पन्नास फ्लॅट उभे राहिले की खालच्या वाड्यावरच्या विहिरींचं काय होईल, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, पाणी देणारी झर वर्षातून किती दिवस वाहील, याला किती गुण? चार्ल्स डार्विनने १८३८ साली लग्न करावं की करू नये याचे दोन रकाने केले होते. एकीकडे पुस्तकांना कमी पैसा आणि वाया जाणारा वेळ, दुसरीकडे म्हातारपणची सोबत. शेवटी ठरलं ते रकान्यांची बेरीज करून ठरलं असं तो कागद वाचताना वाटत नाही. सगळं आयुष्य मधमाशीसारखं राबत काढायचं आणि पुढे काही नाही, ही कल्पनाच त्याला सोसवेना. हॅरी मार्कोविट्झ यांना गुंतवणुकीची जोखीम गणिताने कशी वाटून घ्यावी या सिद्धांतासाठी १९९०चं नोबेल मिळालं. स्वतःच्या निवृत्तीचे पैसे त्यांनी सरळ निम्मे शेअरमध्ये आणि निम्मे रोख्यांत घातले होते, कारण पुढे पस्तावा कमीत कमी व्हावा एवढंच त्यांना हवं होतं. ज्याने हिशेबाची रीत शोधली त्याने आपल्या घरापुरती दुसरी रीत निवडली, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जमिनीच्या बाबतीत मला यादीपेक्षा गाळणीची रीत बरी वाटते : आधी काय कोणत्याही दराला विकायचं नाही ते बाजूला काढा. विहीर, देवाची जागा, वाडवडिलांची वाट, आपल्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराचं घर. एवढं गाळून जे उरेल त्याच्यापुरता हिशेब करा. अमोस ट्वर्स्की यांनी १९७२ साली माणसं एकेका निकषावर पर्याय कसे बाद करत जातात हे मांडलं होतं. फरक इतकाच की पहिला निकष कोणता हे आपण आधी ठरवायचं, दराला पुढे घुसू द्यायचं नाही.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी रीत मात्र ना बांगड्याची ना यादीची. शेजाऱ्याने केलं म्हणून आपण करायचं, ही ती रीत. तिला हसणं सोपं आहे, पण शेतकऱ्याने शेजाऱ्याचं पीक बघून बियाणं निवडणं हे शहाणपणच आहे. दुसऱ्याने खर्च करून मिळवलेली माहिती फुकट मिळते. तरीही डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणींच्या तालुक्यांत काय झालं ते आठवा. चीनची लोखंडाची भूक वाढली, २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं, आणि एका वाड्यावर खनिज वाहणारा एक टिप्पर आला की वर्षभरात पाच आले. बागायतीतलं लक्ष उडालं, काहींनी सोनं गहाण टाकलं, बँकेच्या कर्जावर टिप्पर घेतले. प्रत्येकाने समोरच्याकडे बघितलं आणि समोरच्याने त्याच्याकडे. धंदा किती वर्षं चालेल, खाणींच्या लीजची कायदेशीर स्थिती काय, चीनने हात आखडता घेतला तर काय, हे कुणीच स्वतः तपासलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की इतके जण घेतायत म्हणजे कुणीतरी तपासलं असणार. २०१२च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. पुढे ते सुरू झालं, आणि ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन १५ मार्चनंतर पुन्हा थंडावलं. अंगणात गंजत उभे असलेले टिप्पर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मी वेगळं काय सांगू? पाच जणांचं पाहून पाच वेळा शिकायला मिळतं, पण त्या पाचांनी वेगवेगळा विचार केलेला असेल तरच. पाचही जण एकाचीच नक्कल करत असतील तर तुम्ही एकाचंच मत पाच तोंडांनी ऐकत असता. जमिनीच्या विक्रीत आज हेच चालू आहे. ‘वरच्या वाड्यावर सगळ्यांनी काढली’ हे वाक्य पुरावा म्हणून फिरतं. त्यांनी का काढली हे विचारायला कुणी वरच्या वाड्यावर जात नाही.

आणि कौल. या वादात दोन्ही बाजूंनी सर्वांत जास्त अन्याय कौलावर केला आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. एका बाजूला तो अंधश्रद्धेचा नमुना, दुसऱ्या बाजूला तो प्रश्नच विचारू नये असा देवाचा शब्द. देवळात प्रत्यक्ष काय होतं? मूर्तीवर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या लावतात. गाऱ्हाणं घातलं जातं, मोठ्याने, सगळ्या हजर मंडळींना ऐकू येईल असं : अमुक घराण्यातले अमुक भाऊ, अमुक प्रश्न घेऊन उभे आहेत, योग्य असेल तर उजवा दे. मग सगळे थांबतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देव मानणाऱ्याला यात देवाची इच्छा दिसते. ते बाजूला ठेवलं तरी या रीतीत दिसण्यासारखं बरंच आहे. प्रश्न चारचौघांत, स्वच्छ शब्दांत मांडावा लागतो. ज्या भावांचं पटत नाही त्यांना एका जागी उभं राहावं लागतं. आणि उत्तर कुणा एका भावाचं नसल्यामुळे हरणाऱ्याला घरी परतताना मान खाली घालावी लागत नाही.

विज्ञाननिष्ठ मित्र म्हणतील, ही तर चिठ्ठी टाकण्यातलीच गत झाली. हो, पण मग चिठ्ठीला कमी लेखू नका. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२६८ पासून १७९७ पर्यंत आपला प्रमुख निवडताना मतदान आणि चिठ्ठ्या यांच्या फेऱ्या आलटून पालटून घेतल्या, कारण कुठल्याही एका बड्या घराण्याला निकाल आधी पक्का करता येऊ नये. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६५व्या कलमात, दोन उमेदवारांना समान मतं पडली तर चिठ्ठी काढूनच निकाल लावायचा आहे. मुंबई महापालिकेच्या २०१७च्या निवडणुकीत एका प्रभागात तसाच लागला. जिथे विचार करून करून दोन्ही पारडी सारखी राहतात आणि भांडण लांबवण्याचा खर्च कुठल्याही चुकीपेक्षा मोठा असतो, तिथे नशिबावर सोडणं हा बुद्धीचाच निर्णय आहे. जुनं घर कुठल्या भावाच्या वाट्याला आणि नवं कुठल्या, अशा प्रश्नाला कौल उत्तम.

पण कौलाविरुद्धचा खरा आक्षेप नशिबाबद्दलचा नाहीच, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न कोण घालतं? गाऱ्हाण्याचे शब्द कर्ता भाऊ ठरवतो. ‘पणजीच्या माणसाला विकावी का’ असा प्रश्न घातला की ‘विकावी का’ हा प्रश्न तिथेच गुपचूप निकालात निघाला. बहिणींचा हिस्सा आहे का, हे गाऱ्हाण्यात येतच नाही. आणि जे माहिती काढून कळण्यासारखं आहे ते देवाला विचारणं म्हणजे देवाला आपल्या आळसात ओढणं. जमिनीवर बोजा आहे का हे रजिस्ट्रारकडे कळतं. कूळ लागलंय का हे एक-चौदाच्या, म्हणजे गोव्याच्या सातबाराच्या, उताऱ्यावर कळतं. डॉक्टरने सांगितलेलं ऑपरेशन करावं का, मुलीने कुणाशी लग्न करावं, हे प्रश्न कौलाला नेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण पहिल्यात जाणकार उपलब्ध आहे आणि दुसऱ्यात जिचं आयुष्य पणाला लागतं तिलाच विचारायचं असतं.

प्रश्न कोण घालतं, हा मुद्दा देवळापुरता राहत नाही. गोव्याचा सगळ्यात मोठा सार्वजनिक निर्णय याच मुद्द्यावर फिरला. १९६३च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) जिंकला. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण त्याच्या जाहीरनाम्यात होतं. तेव्हा हाच विलीनीकरणाचा कौल, असं एका बाजूचं म्हणणं. जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचं म्हणणं, लोकांनी आमदार निवडलेत, हा प्रश्न लोकांना वेगळा विचारा. पुढचा सगळा झगडा जितका विलीनीकरणाबद्दल होता तितकाच रीतीबद्दल होता. विधानसभेत ठरवायचं की घरोघरच्या मतदारांनी? मगोचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी जनमत कौलाआधी सरकारचा राजीनामा दिला हेही रीतीच्याच भांडणातलं मोठं पाऊल, आणि त्यांच्या मोठेपणाचं. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. आणि दोन-अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत याच मतदारांनी मगोलाच पुन्हा सत्तेवर बसवलं. मराठी वाचकांच्या घरांत या निकालाची हळहळ अजून आहे, ती मला परकी नाही. पण एकाच लोकांनी एका हिवाळ्यात दिलेली ही दोन उत्तरं परस्परविरोधी होती का? मला नाही वाटत. प्रश्न वेगळे होते आणि लोकांनी ते वेगळ्या रीतीने सोडवले. एकात घरच्या ओळखीचा, भाषेचा, नोकरीचा, परत फिरता न येण्याचा विचार केला, दुसऱ्यात पाच वर्षं कारभार कोण नीट करेल आणि कूळ-मुंडकारांच्या बाजूने कोण उभा राहील एवढाच. आमदार पाच वर्षांनी बदलता येतो, राज्याची सीमा बदलता येत नाही. परत फिरता येणारा आणि न येणारा, असे दोन प्रश्न लोकांनी न शिकवता वेगळे ओळखले. मतदाराला अडाणी म्हणणाऱ्यांनी १९६७चे हे दोन निकाल शेजारी ठेवून बघावेत.

तीच जाणीव आज जमिनीबाबत का दिसत नाही? याचं एक कारण असं की सरकारनेच रीत बदलून दिली. प्रादेशिक आराखडा ही सगळ्या गोव्याकडे एकदम बघण्याची रीत. २०११पर्यंतचा आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून २००७च्या जानेवारीत मागे घ्यायला लावला, मग २०२१पर्यंतच्या आराखड्याच्या कामाला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासारखा माणूस आला, गावोगावी नकाशे गेले, लोकांनी शाळेच्या खोल्यांत बसून आपल्या ओढ्यांची आणि टेकड्यांची नावं त्यांवर लिहिली. त्या आराखड्यात चुका होत्या, दिरंगाई तर भयंकर होती, आणि ‘तुमच्या संपूर्ण विचारात माझं घर दहा वर्षं लटकलं’ असं म्हणणाऱ्या माणसाला माझ्याजवळ सोपं उत्तर नाही. पण त्याच्या जागी आलं काय? नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) आणि २०२४ साली ३९अ ही कलमं घालून एकेका भूखंडाचा झोन, म्हणजे ती जमीन कशासाठी वापरायची ते, अर्जावर बदलण्याची वाट उघडली गेली. १७(२)चे नियम उच्च न्यायालयाने २०२५च्या मार्चमध्ये रद्द केले, ती गोष्ट वेगळी. माझा आक्षेप रीतीला आहे. एक अर्ज, एक सर्व्हे नंबर, दोन हजार चौरस मीटर. यात काय बिघडणार आहे? खरंच काही बिघडत नाही. पुढच्या अर्जातही नाही. आल्फ्रेड कान या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली दाखवलं होतं की छोटे छोटे निर्णय, प्रत्येक आपापल्या जागी रास्त, मिळून असा परिणाम घडवतात जो एकदम विचारला असता तर कुणीच स्वीकारला नसता. ‘तुमच्या गावातली सगळी उतरण बांधकामाला द्यायची का’ हा प्रश्न ग्रामसभेत टाकून बघा. उत्तर काय येईल हे मंत्र्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तो प्रश्न तसा कधी टाकला जात नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गरिबाचा आहे. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात माणूस ऍडमिट आहे, सावकार दारात आहे, त्याला रीत शिकवणार? नाही शिकवणार. अशा वेळी माणूस जे करेल ते योग्यच. मी म्हणतो ते इतकंच, की रीत ठरवायची वेळ ती नव्हे, आणि म्हणूनच ती आधी ठरवून ठेवावी लागते. आपल्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. मध्यरात्री पाणी चढलं की दार लावावं का यावर गावाने सभा घ्यायची, अशी व्यवस्था असती तर एकही खाजन शेत टिकलं नसतं. पूर्वजांनी शांत वेळी विचार करून घेतलेला निर्णय त्या लाकडात बसवून ठेवला. कायद्यातही आपल्याकडे अशी एक मानस आहे. पोर्तुगीजांच्या १८६७च्या नागरी संहितेपासून गोव्यात, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. स्थावर विकायचं तर दोघांची सही लागते, आणि वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांची. या सह्यांना लोक वैतागतात. एक बहीण मुंबईत, एक पुतण्या लंडनमध्ये, घर पडून आहे आणि छप्पर खाली येतंय, हे मीही बघतो. सगळ्यांची संमती मागणारी रीत एका हट्टी माणसाच्या हातात सगळ्यांना ओलीस देते. तरीसुद्धा विचार करा, दारूच्या किंवा कर्जाच्या भरात एकट्या नवऱ्याने विकून टाकली असती अशी किती घरं बायकोच्या त्या एका सहीवर आज उभी आहेत? ती सही काढून टाका म्हणणारे ‘सुलभीकरण’ म्हणतात. सोपं कुणासाठी होणार?

चवथीला मुंबई-पुण्याची, आखातातली सगळी मंडळी मूळ घरात जमतात. त्या दिवसांत जमिनीचा विषय निघाला की दराचा निघतो आणि जेवणाच्या पानावर भांडण होतं. त्याऐवजी विक्रीचा काही प्रश्नच नसताना, कुणी पार्टी दारात नसताना, चार गोष्टी लिहून त्यांवर सगळ्यांनी सह्या कराव्यात. कोणता भाग कधीच विकायचा नाही. पहिला भाव आल्यावर किती दिवस हो म्हणायचं नाही. निदान किती ठिकाणी चौकशी करायची आणि ती कोणी करायची. एकमत झालं नाही तर निकाल कशाने लावायचा : बहुमताने, आपसातल्या लिलावाने, की देवाच्या कौलाने. आणि ग्रामसभेपुरती मागणी अशी : जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चारही सभांत झोनबदलाचा कुठलाही एकटा अर्ज चर्चेला घेण्याआधी त्या गावात आजवर बदललेल्या सगळ्या सर्व्हे नंबरांची एकत्र यादी, एकूण क्षेत्र, आणि नळाला येणारं पाणी किती घरांना पुरेल याचा आकडा सचिवाने भिंतीवर लावावा. यादी लावल्याशिवाय अर्ज वाचायचा नाही, एवढा एक ठराव पंचायतीच्या पुस्तकात चढवायला कुठल्याही कायद्याची दुरुस्ती लागत नाही.